आबांची टाळी

माझं डोकं पटकन फिरतं. युरोपात लोक याला कलावंताचा स्वभाव म्हणतात, आमच्या दीपनगरच्या कॉलनीत सरळ ‘तिरसट’ म्हणायचे. कॉलनीचं बरोबर होतं, हे मला गेल्या हिवाळ्यात जळगावात कळलं.

आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे शिंदखेड्याकडचे. नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात. भुसावळला एका जुन्या हॉलमध्ये पियानो होता आणि तो शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ड्यूटी सुटली की आबा मला लुनावर बसवून तिथं न्यायचे. मी वाजवायची, ते भिंतीशी बसायचे आणि मी थांबले रे थांबले की टाळ्या! धडा संपला म्हणून थांबले, चुकले म्हणून थांबले, नाक शिंकरायला थांबले, तरी टाळ्या. आणि कशा? कुस्तीच्या फडात वाजवतात तशा, दणदणीत. बाई वैतागायच्या. माझ्या मात्र अंगावर मूठभर मांस चढायचं. त्या टाळ्या नसत्या, तर मी दुसऱ्याच महिन्यात सगळं सोडून घरी बसले असते.

पुढे परदेशात गेले, नाव झालं, आता शिकवतेही. येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते, की रचनेच्या दोन भागांमधली शांतता हाही संगीताचाच भाग. पण आबांनी मला मंचावर कधी पाहिलंच नव्हतं. विमानाचं नाव काढलं की त्यांचं एकच, ‘तूच ये ना इकडे. आपला लोकेस्ले आयकाड.’

म्हणून आपल्या लोकांना ऐकवायला जळगावचा कार्यक्रम ठरला. पियानो पुण्याहून ट्रकने आला. आबांनी शिंदखेड्याचे भाऊबंद आणि कॉलनीतले जुने सोबती गाड्या भरभरून आणले. स्वतः पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीची टोपी घालून. आयुष्यात एकदा लेकीसाठी भर सभेत टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना हवं होतं. मला हे चांगलं माहीत होतं.

मी तीन भागांची एक रचना घेतली होती. पहिला भाग संपला, मी हात उचलले आणि पहिल्या रांगेतून दणका सुरू झाला. त्यामागे सगळा हॉल. झालं! माझा पारा चढला. उठले, निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि सगळ्यांना झापलं, ‘पूर्ण संपेपर्यंत टाळी नको. हा काय कुस्तीचा फड आहे?’ एवढ्यावर तरी थांबावं की नाही? नाही. मंचाच्या कडेला जाऊन आबांना वेगळं सुनावलं, ‘काय हे आबा! लोक बघताहेत ना.’ माईक चालूच होता.

आबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

उरलेले दोन भाग मी छान वाजवले, हे सांगायचीही लाज वाटते. शेवटचा सूर विरला. मी उठून, वाकून नमस्कार केला. हॉल चिडीचूप. मागे कुठे एक पोर बोललं, तर आईने त्याचं तोंड दाबलं. मी पुन्हा वाकले. लोक एकमेकांकडे बघत होते, पण हात कोणी हलवेना. माझीच माणसं माझ्या धाकाने बसली होती! धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग आबा उठले. हात अर्धवट वर आणून त्यांनी मला विचारलं, ‘बाई, सरनं का वं? आते वाजाडू का टाया?’

संपलं म्हणून मी मान डोलावली. हॉल कडाडून वाजायला लागला, अगदी मनापासून. आबाही वाजवत होते, पण बोटांवर बोटं टेकवून, आवाज होणार नाही अशा बेताने, आणि नजर माझ्या तोंडावर. मी पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले, त्यांचे हात धरले. म्हटलं, ‘जोरात वाजवा ना आबा, पहिल्यासारखं.’

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच हात सोडवून घेतले.

‘नको बाई,’ ते म्हणाले, ‘लोक देखतस.’