बाईंचे उभे दगड

आमच्या इतिहासाच्या बाई देवळात येत, पण उंबऱ्यापर्यंतच. शाळेच्या सगळ्या मुली आत गेल्या की त्या बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या राहत. कोणी विचारलंच तर म्हणत, "माझं आत काही काम नाही. चपलांना मात्र राखण लागते." त्या काळच्या बऱ्हाणपुरात एकट्या राहणाऱ्या बाईनं असं बोलणं म्हणजे लोकांच्या हातात आयतं कोलीत देणं होतं. आम्हा मुलींना मात्र त्यांचा धाकही होता आणि अभिमानही.

त्यांचं तीर्थक्षेत्र वेगळं होतं. संक्रांत झाली की त्या वरच्या वर्गांतल्या मुलींना बैलगाड्यांत घालून निंबोल्याच्या पुढे, असीरगडच्या बाजूला एका माळावर नेत. तिथे उभे दगड होते. काही माणसाहून उंच, काही कमरेएवढे, वळणदार रांगेत रोवलेले. इतका मोठा किल्ला सोडून हे धोंडे कसले बघायचे, अशी आमची कुरकुर असे. बाई म्हणत, "किल्ला कालचा आहे गं. हे त्याच्या कितीतरी आधीचे. ज्यांनी रोवले त्यांचा एक शब्दसुद्धा उरलेला नाही." एकदा मी एका दगडाला हलवून पाहिलं, तर केवढ्या ओरडल्या! "रांगोळीचे ठिपके आहेत हे. एक सरकला की आकृती गेली. मग ती काय होती, कोण सांगणार?"

आकृती काय होती हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. कोणा जाणकारानं येऊन ती जागेवर बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. नागपूरच्या कुठल्याशा कचेरीनं माणूस पाठवायचं कबूलही केलं होतं. तेवढ्यात प्रांतांची नवी जुळणी झाली, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि नागपूरला आम्ही परके झालो. भोपाळला हे सांगायचं कोणाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. शाळेतले मराठी वर्गही एकेक करून बंद होऊ लागले. बाई म्हणाल्या, "दगड कुठे जातात? थांबतील."

नेमका तिथूनच नवा रस्ता निघाला. ठेकेदाराचे मजूर माळावरचे धोंडे फोडून गिट्टी करत पुढे सरकत होते. कळताच बाई आम्हा तिघींना घेऊन धावल्या. मुकादम भला माणूस होता. म्हणाला, "मी का करू बाई? ठेकेदार म्हन्ला फोड, तं फोडनं पडते. देव असता तं कोनी हात नसता लावला."

बाईंनी गाडी निंबोल्याला वळवून शेंदूर आणि तेल आणलं. काम सुटून मजूर गेल्यावर आम्ही चौघींनी दगड माखायला घेतले. "रंग म्हणून लावा गं, देव म्हणून नको," असं त्या सारखं बजावत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घण उचलायला एकही मजूर तयार झाला नाही. रस्ता माळाला वळसा घालून गेला. ते वर्षभर बाई वर्गात गुणगुणत येत.

पुढच्या संक्रांतीनंतर आमच्या गाड्या तिथे थांबल्या, तेव्हा समोर कापसाची पऱ्हाटी उभी होती. दगड एकही नव्हता. घणातून वाचलेले देव उघड्यावर कसे ठेवायचे, म्हणून पलीकडच्या वाडीतल्या लोकांनी ते बैल जुंपून ओढून नेले होते. मोकळी झालेली जमीन कोणी नांगरून घेतली होती. बाई पऱ्हाटीत शिरल्या. "इथे उंच होता... नाही, इथे..." लुगडं काटक्यांत अडकून फाटत होतं, तरी त्या वेड्यासारख्या फिरत होत्या. एकही जागा त्यांना सांगता येईना.

शेंदूर बाईंनी लावला हे वाडीतल्या पाटलांना मुकादमाकडून कळलेलं होतं. ते मोठ्या मानानं बाईंना मारुतीच्या पारावर घेऊन गेले. दगड तिथे सिमेंटात, उंचीप्रमाणे ओळीनं बसवले होते. "ह्याच त्या बाई," पाटील सगळ्यांना म्हणाले. "यायनंच देव वळखले, नाई तं गिट्टी झाली असती. बाई, आज आरती तुमीच करा." कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. शिव्या द्यायलासुद्धा माणूस नव्हता. बाईंनी तबक हातात घेतलं आणि आरती केली. नाही म्हणायला त्यांना तोंड कुठे होतं? मला तेव्हा त्यांच्याकडे बघून रडू आलं. लोकांना वाटलं, पोरीला भक्तीनं भरून आलं.

दोन-तीन वर्षांत शेवटचा मराठी वर्गही बंद झाला आणि बाई जळगावला भावाकडे जायला निघाल्या. स्टेशनवर मी एकटीच होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बाई, निदान दगड तरी वाचले."

"फुटले असते तर कोणीतरी म्हणालं असतं, इथे काहीतरी होतं," बाई म्हणाल्या. "आता ते पारावरचे देव झाले, तसंही कोणी म्हणणार नाही. आणि हे मी केलं गं. माझ्या हातांनी."

तुमचा काय दोष, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंना खोटं बोललेलं चालत नसे. गाडी सुटेपर्यंत मी नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले.