सहा रुपयांची खोली

मधल्या दारावर हात ठेवून सासूनं विचारलं, "याच्या मांग काय हाय वं?"

मी म्हटलं, "सेठचे धानाचे पोते हायेत, मामीजी."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुलूप तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. दाराच्या पलीकडे एकही पोतं नव्हतं.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, म्हणून लिहिते.

नवा मध्यप्रदेश होऊन काही वर्षं झाली होती. हे जंगल खात्यात नाकेदार; बदली होऊन आम्ही बालाघाटला आलो आणि घर शोधत फिरलो. भाडं खोल्यांवर ठरे. बसस्टँडमागे सेठच्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत एका खोलीचे बारा रुपये, दोन घेतल्या तर अठरा. तीन खोल्यांचं घर आम्ही पाहायलाही गेलो नाही — पगार केवढा, पाहून करायचं काय? एकच खोली घेतली तर सेठ मधल्या दाराला आपलं कुलूप लावी.

हे म्हणाले, "दोन घे. मायले आता चूल दिसत नाही." किरनापूरकडच्या गावात ती एकटीच होती. पैसे माझ्या हातात देऊन हे उकव्याच्या जंगलात दौऱ्यावर गेले.

मी एकच घेतली.

पैसे वाचवायला? स्वतःला तसंच सांगत आले. पण सहा रुपये आम्हाला जड नव्हते. लग्नानंतरची सगळी वर्षं मी तिच्या घरात काढली होती. ती वाईट होती का? नाही — चांगलीच होती. तरी मला ती नको होती. विधवा सासू मुला-सुनेच्या खोलीत निजत नाही, हे आमच्यात कोणी सांगावं लागत नाही. मग तिला नको म्हणायची गरजच काय? खोली एक, एवढं पुरे होतं. ह्यांनाही मी पोत्यांचंच सांगितलं. भाडं मीच सेठानीला देई. हे सेठला विचारायला गेले नाहीत.

त्या दिवशी ती गाठोडं घेऊन राहायलाच आली होती. हे दौऱ्यावर. तिला राग आला नाही — हसली. "मंग मी कुठं झोपू? तुमच्या दोघाईच्या मंधात?" चहा प्याली. माझ्यासाठी आणलेले पोहे काढून ठेवले. "पोते निघाले का सांगजो," म्हणाली. मी हौ म्हटलं.

दुपारच्या गाडीत मीच तिला बसवलं. चढताना तिची पायरी चुकली, मी हात धरला. तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही बोलले.

पुढं चुलीवर तिचा हात भाजला. शेजारीण भात आणून देऊ लागली. हे महिन्यातून एकदा जाऊन येत. मी खोलीचा विषय काढला नाही.

ती गेली. तेरवी झाली आणि लगेच मी दुसरी खोली घेतली. पोटात पोर होतं, जागा लागणार होती. सेठनं कुलूप काढलं. हे उंबऱ्यात उभे राहून रिकाम्या खोलीकडे पाहत राहिले. म्हणाले, "निघाले का पोते?" मी हौ म्हटलं.

त्या दोन खोल्यांत माझी तीन मुलं वाढली. शेवटची वर्षं गावात, डोळ्यांनी दिसत नसताना, एकटीनं काढली ती माझ्या सासूनं. भागरता तिचं नाव.