शोधायला कोणी जायचं

माझ्या मुलाला जपानात, ओसाकाला नोकरी लागली तेव्हापासून आईने लालबागच्या आमच्या सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं, नातवाचं घर बघितल्याशिवाय मी काही वर जायची नाही. शेवटी ऐन थंडीत आम्ही दोघी तिथे पोचलो. नातू सकाळी ऑफिसला गेला आणि आम्ही शहर बघायला बाहेर पडलो. आईने आत थर्मल, त्यावर पोपटी साडी आणि सगळ्यावर नातवाचा काळा कोट चढवला होता. कोट घोट्यापर्यंत येत होता, त्यामुळे साडीचा फक्त काठ दिसायचा.

आधी किल्ला पाहिला. वर जायला लिफ्ट आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "किल्ल्याला लिफ्ट? मग शत्रूची सोयच झाली की." वर गेल्यावर वारा असा बोचायला लागला की तिने नदी, झाडं, उंच इमारती सगळं एका नजरेत उरकलं आणि म्हणाली, "बघून झालं. आता बाजार." तिचा जीव पहिल्यापासून बाजारातच होता. शेजारणींना काय न्यायचं, याची चर्चा विमानातच सुरू झाली होती.

बाजार कालव्याच्या काठी होता. अशी गर्दी मी गणपतीत काळाचौकीला पाहिली आहे, पण आपल्या गर्दीत माणसं बोलतात, भांडतात, हाका मारतात. इथे दुकानांचे कर्णे तेवढे ओरडत होते, माणसं मुकाट चालली होती. गर्दीत शिरायच्या आधी आई बाजूला थांबली आणि तिने आपला फोन, बटवा, पासपोर्ट आणि नातवाने पत्ता लिहून दिलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते सगळं पर्समध्ये टाकून चेन लावली आणि पर्स पोटाशी धरली. आमच्या घरची ही जुनी रीत. दर्शनाला निघालो की सगळ्यांची जोखीम एकाकडे. ओसाकात खिसा कोण कापणार, हा विचार दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

दुकान मोठं होतं. हिंदमाताला साडी घेताना आई दुकानदाराला घाम फोडते. इथे भाव करायची सोय नाही म्हटल्यावर तिचा अर्धा उत्साह मावळला. तरी तिने नेलकटर घेतले, हातरुमाल घेतले, प्रत्येक रुमाल उलगडून बघितला. परदेशी पाहुण्यांना कर परत मिळायची खिडकी वरच्या मजल्यावर होती आणि तिथे ही लांब रांग. "आत उकडतंय गो," आई म्हणाली, "मी दाराशी उभी राहते, तू ये आटपून." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सकाळपासून तिच्या मागे मागे फिरून मी वैतागले होते.

मी खाली आले, दारातून बाहेर पडले, आणि आई नव्हती.

फोन लावायला गेले तर तिचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. मग आठवलं, कार्डही माझ्याकडे, पासपोर्टही माझ्याकडे. तिच्याकडे मराठी सोडून काही नव्हतं. दारातल्या विक्रेत्या मुलीला मी मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. तिने कमरेत वाकून माझी माफी मागितली, जणू आईला तिनेच हरवलं होतं, आणि मोबाइलवरच विचारलं, उंची किती? आईची उंची मला कधीच माहीत नव्हती. माझ्या खांद्याला लागते, एवढंच. कपडे? काळा कोट. मी रस्त्याकडे पाहिलं. अख्खा रस्ता काळ्या कोटातला होता. ती मुलगी आत कुणाला तरी विचारायला गेली.

मी तिथेच उभी राहिले. लहानपणी गणपतीच्या गर्दीत हात सुटला की काय करायचं, हे आईने मला पक्कं शिकवलं होतं. जागचं हलायचं नाही. मी येते. आणि ती यायची. लोकांना कोपरानं ढकलत, घामाघूम, शिव्या देत, पण यायची. म्हणून आताही मी उभी राहिले. बोटं बधिर झाली, नाकातून पाणी यायला लागलं, आणि माझ्या मनात चक्क राग आला, अजून कशी येत नाही ही?

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पन्नाशीची बाई, आणि ऐंशीला टेकलेल्या आईने परक्या देशातल्या गर्दीतून मला शोधत यावं म्हणून वाट बघत होते.

मी धावले. कुठल्या बाजूला, तेही कळत नव्हतं. "आई, आई" म्हणून ओरडले. लालबागला अशी हाक मारली तर अर्धा रस्ता मागे वळेल. इथे कुणी पाहिलंही नाही, फक्त बाजूला होऊन मला वाट दिली. कोपऱ्यावरून वळले तर त्याच दुकानाचं आणखी एक दार. तसेच दिवे, तसाच कर्णा. आम्ही आत शिरलो होतो ते हे दार. मी बाहेर पडले होते मागच्या दाराने. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

भिंतीला टेकून, कुणाची वाट अडणार नाही अशी अंग चोरून, आई उभी होती. ओठ निळे पडले होते.

"खंय होतंस गो?" ती म्हणाली. घाबरली की तिला मालवणीच सुचते.

"मागच्या दाराशी. तुझी वाट बघत."

"वाटलंच मला. तू कुठेतरी उभी असशील, हलायची नाहीस." तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "निघाले होते गो तुला शोधायला. त्या खांबापर्यंत गेले. पुढे पायच उचलेनात, एवढी माणसं. म्हणून परत आले."

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेऊन चोळत राहिले.

"मला येता नाही आलं," ती पुन्हा म्हणाली, मी रागावू नये म्हणून.