रास अल खैमात बर्फाची तयारी

रास अल खैमात पाणी गोठत नाही, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका डिसेंबरात, खाडीकाठच्या एका व्हिलातला स्विमिंग पूल बर्फापासून वाचवायला आमच्या पूल-सफाईच्या कंपनीने आम्हा दोघांना पाठवलं. व्हिलातला साहेब सिमेंट कारखान्यातला इंजिनिअर, थंड देशातला. महिनाभर घरी चालला होता. हिवाळ्याआधी पूल कसा बंद करायचा, याचा आपल्या देशातला छापील इंग्रजी कागद त्याने आमच्या हातात दिला.

सोबत गुहागरकडचे चाचा होते. पूलच्या कामात मुरलेले, पण इंग्रजी वाचता न येणारे. गुरुवारी ते सुट्टीवर निघणार होते. मुलीचा निकाह होता. काम बिघडलं तर सुट्टी रद्द, असा आमच्या कंपनीचा कायदा, आणि पासपोर्ट कंपनीच्याच कपाटात. हा उघड अन्याय होता. मी तेव्हाही तसं म्हणायचो, आजही म्हणतो.

"वाच रे पुढारी," चाचा म्हणाले. गावी मी संघटनेची पत्रकं लिहून वाटायचो, म्हणून कामगारांच्या कॅम्पात माझं हे नाव पडलं होतं.

पहिलीच ओळ होती: पाणी गोठण्याआधी पातळी फूटभर खाली आणा. माझं डोकं फिरलं. "चाचा, इथे डिसेंबरात दुपारी पंखा लागतो, आणि याला बर्फ दिसतोय. यांच्या खुळापायी आपण राबायचं?"

"त्याचा पूल, त्याचा बर्फ. तू पंप लाव, फूटभर उतरव. मी नमाज पढून, गोदामातून पाइपांची बुचं घेऊन येतो."

कागद खिशात कोंबून मी पंप लावला. फूटभर पाणी उतरलं. पण आमच्या गावात विहीर उपसायला घेतली की तळ दिसल्याशिवाय सोडत नाहीत. अर्धवट उपसणाऱ्याला लोक हसतात. तळाशी हिरवट शेवाळ दिसत होतं. म्हटलं, करायचंच तर नीट करू. मोठा पंप, दोन तासांत पूल कोरडा. आत उतरून मी घासायला लागलो. मनात नवं पत्रक जुळवत होतो: वाळवंटात बर्फ बघणारे साहेब.

तेवढ्यात पायाखाली टक् असा आवाज झाला. तळाच्या दोन टाइल्स फुगून वर आल्या.

काठावर चाचा उभे होते, हातात बुचांची पिशवी. "मेल्या, बाहेर ये आधी. खालून खाडीचं पाणी ढकलतंय. रिकामा हौद होडीसारखा वर उचलला जातो." मला त्यांचा गुरुवार दिसत होता.

समोरच्या व्हिलात टँकर पाणी भरत होता. चाचा टँकरवाल्याकडे धावले. "खानसाब, यल्ला, जल्दी, पहले इधर डालो, मेरी बेटी का सवाल है." खानसाबने काही न विचारता पाइप ओढला. बागेचा नळही आम्ही सोडला. पाणी गुडघाभर झालं, मग कमरेइतकं. आणखी आवाज आला नाही. एक टँकर संपला, खानसाब दुसरा घेऊन आला.

काठावर बसून मी खिशातला भिजका कागद उलगडला. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: पूल कधीही पूर्ण रिकामा करू नका. लोक पत्रक शेवटपर्यंत वाचत नाहीत, म्हणून मी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या.

उन्हं कलल्यावर साहेब आला. पाणी मापाला फूटभर खाली, बुचं घट्ट. तळाकडे बघत त्याने विचारलं, "त्या टाइल्स?"

"मी पूल रिकामा केला," मी म्हणालो. "तुमचा कागद पुरता वाचला नाही. यांचा काही दोष नाही. गुरुवारी यांना घरी जायचंय, मुलीचं लग्न आहे."

साहेबाने काठाच्या कडेवरून सगळीकडे हात फिरवला. कुठे तडा नव्हता. "दोन टाइल्स," तो म्हणाला. "मी परत आल्यावर तू बसव. यांना जाऊ दे."

पिकअपमध्ये चाचांनी डोळे मिटून सीटला मान टेकली. मग हसले. "पुढारी, मी गेल्यावर बर्फ पडला तर फोन कर हां."

गुरुवारी एअरपोर्टवर त्यांची मोठी बॅग मीच ट्रॉलीवर चढवली.