छत्रीवालीच्या कपाळावरचं कुंकू

टिळेकर काकांकडे गेलं की बूट दाराबाहेर आणि हात खिशात ठेवावे लागत. "हात खिशात, डोळे कपाटावर," असं म्हणूनच ते पाहुण्याला दिवाणखान्यात घेत. जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधल्या आम्हा मराठी मंडळींची पोरंसुद्धा त्यांच्या दारात खिसे चाचपायची. बिनखिशाचा फ्रॉक घालून आलेल्या माझ्या मुलीला नलिनीकाकूंनी एकदा स्वतःचा ढगळ स्वेटर चढवला होता, केवळ त्याला खिसे होते म्हणून.

कपाट इंग्लंडमध्ये घडलेलं, दोनेकशे वर्षांपूर्वीचं. काळं चकचकीत लाखकाम आणि त्यावर सोनेरी चीन. कमानीचा पूल, घरापेक्षा मोठा पक्षी, नदीवर गळ टाकून बसलेला म्हातारा आणि दारावर छत्री घेतलेली, गोऱ्या चेहऱ्याची एक चिनी बाई. शेजारच्या जर्मन आजी वारल्यावर त्यांचं घर रिकामं होताना काकांनी ते पाहिलं आणि घरी आणलं. उचलणाऱ्यांत मी होतो, माझी कंबर अजून साक्ष देते. मराठी माणसाने जर्मनीत येऊन इंग्रजांनी केलेलं चिनी कपाट घ्यावं, या विषयावर आमच्या मंडळाचा अख्खा गणेशोत्सव गाजला. काका मात्र शांतपणे म्हणत, "अरे, रंगवणारा चीनला कधी गेला नव्हता. सगळं ऐकीव. म्हणून तर पक्षी घराएवढा."

काका मोटारींच्या कारखान्यात रंग तपासायच्या कामावरून निवृत्त झाले होते. पाहुण्याच्या तोंडाआधी ते त्याच्या गाडीचा पत्रा बघत आणि प्रकृतीची चौकशी करावी तशी ओरखड्याची चौकशी करत. कपाटासमोर तर ते रोज भिंग घेऊन बसत. कपाट आतून रिकामंच असे. काकूंना त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या, पण त्यांची डाळ कधी शिजली नाही.

काकू सांगलीच्या. लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडून इथे आल्या. "मी मुलांना नकाशात जर्मनी दाखवायचे, यांनी मला राहायलाच आणलं," असं त्या हसत हसत सांगायच्या, पण हसताना नजर खिडकीबाहेर असायची. कपाटाला त्या सवत म्हणत. "इतकी वर्षं संसार केला, पण माझ्याकडे कधी भिंग घेऊन बघितलं नाही हो यांनी."

एका दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. गाडी, मिक्सर, शिवणयंत्र, लॅपटॉप, सगळ्यांना काकूंनी हळदकुंकू लावलं होतं. काका श्रीखंडाचं भांडं घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले. छत्रीवालीला कुंकू लागलं होतं. काकूंचं बोट ओलं आणि बाईचं कपाळ नखाएवढं, त्यामुळे ते नाकापर्यंत उतरलं होतं.

"नलिनी, हे काय केलंस?"

"अहो, सणाच्या दिवशी घरातली बाई बिनकुंकवाची कशी ठेवू? सवत असली म्हणून काय झालं?"

आम्ही सगळे वाट्यांत तोंड घालून हसलो. काकांनी मात्र श्रीखंडाला हात लावला नाही. डाग पुसायची त्यांची हिंमत होईना, पुसायला जावं तर लाखच निघायची. शेवटी जुन्या फर्निचरचं काम करणाऱ्या स्टुटगार्टच्या एका बाईंकडे फोन केला. टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळाला तो थेट मार्चचा. तोवर दोघांचा वाद अधूनमधून उकरला जायचा आणि काकू म्हणायच्या, "येऊ दे तिला, तिलाही लावते."

जानेवारीत काकू हृदयविकाराने गेल्या. काही सुचायच्या आत. त्यानंतर काका कुणाला हात खिशात ठेवायला सांगेनासे झाले. आम्ही आपले ठेवत राहिलो.

टर्मिन रद्द करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यामुळे ठरल्या दिवशी त्या बाई हजर. मी काकांसोबत होतो. बाईंनी दिवा लावून डाग पाहिला आणि म्हणाल्या की निघेल, चेहरा पहिल्यासारखा होईल. काकांनी भिंग घेतलं आणि त्या कुंकवाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग जर्मनमध्ये म्हणाले की हे राहू दे, एवढ्या लांबून आलाच आहात तर खालची बिजागरी तेवढी बघा. हे मूळ काम नाही, असं बाईंनी पुन्हा समजावून पाहिलं. काकांनी बोटाने खालची बिजागरी दाखवली.

त्या गेल्यावर काका भिंग पुसत माझ्याकडे वळले.

"रंगवणारा चीनला गेला नव्हता रे," ते म्हणाले. "नलिनी मात्र इथे आली होती."