झुंबरच्या हातावरचं नाव

हौशीराम कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी चपला दाराबाहेर काढायचा. कॅफेत दुसरं कुणी काढत नसे. माऊस शर्टाच्या टोकानं पुसायचा. चहा पार गार झालेला असला तरी आधी फुंकर घालायचा. रंगवलेलं काहीही दिसलं, फ्रीज असो, एसटी असो, देवळाचं दार असो, की त्यावरून अंगठा फिरवून बघायचा. नवीन माणूस भेटला की पहिल्यांदा त्याचे कान बघायचा. हसताना तोंडावर हात धरायचा. काम संपलं की शेजारी कुणी नसलं तरी ‘ओके’ म्हणायचा.

गोकुळला हे सगळं पाठ होतं. मैत्री होतीच, पण नुसत्या मैत्रीत माणूस इतकं बारीक बघत नाही. हेवा वाटायला लागला की बघतो.

गोकुळ मूळचा खुटबावचा. घरी शेवंतीचे मळे. शिरूरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाला आणि नोकरी काही लागेना, तेव्हा मारुतरावमामांनी आपल्या खताच्या दुकानावरची खोली त्याला दिली. तिथं त्यानं सहा कॉम्प्युटर मांडले. दारावर ‘अक्षर नेट कॅफे’ अशी पाटी लावली. हे दोन हजार चार साल. लोक अर्ज भरायला येतील, चार शिकलेली माणसं येतील, असं त्याला वाटलं होतं. आली ती मारामारीचा गेम खेळणारी पोरं. रांजणगावच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. गुरुवारी तर जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची.

हौशीराम कारेगावचा, धनगराचा. मेंढरांवर खुणेचा रंग मारायचं काम लहानपणी त्याच्याकडं असायचं. ठिपका मारायचा तिथं हा मेंढराच्या पाठीवर चेहरे काढायचा. बापानं चोपला. मग कुणीतरी आयटीआयला पेंटरच्या ट्रेडला घातला आणि तिथून तो फ्रीज बनवणाऱ्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागला. फर्स्ट शिफ्ट सुटली की दुपारी चारला कॅफेत हजर.

त्यानं तो गेम कधी खेळला नाही. मागं उभा राहून नुसता बघायचा. एक दिवस म्हणाला, “गोकुळ, ह्या माणसांची कातडी कुठं ठेवलेली असती रं?”

गोकुळ हसला. पण आठ दिवसांत हौशीरामनं ती शोधून काढली. गेमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक लढवय्याच्या अंगाचं चित्र वेगळ्या फायलीत होतं. सपाट, पसरलेलं. गोकुळला त्यातलं डोकं कुठलं आणि पाय कुठला तेही कळेना. हौशीराम म्हणाला, “मेंढी कातरल्यावर लोकर अशीच एका तुकड्यात पडती. ही बघ मान. हा दंड. हे पोट.”

आणि त्यानं रंगवायला घेतलं. परदेशी बॉक्सरचा झाला लंगोट लावलेला पैलवान. काळ्या कोटवाल्याचा कंपनीच्या गेटवरचा वॉचमन झाला. एका तोकड्या कपड्यातल्या पिवळ्या केसांच्या पोरीची त्यानं म्हातारी केली. नऊवारी, खांद्यावर घोंगडं, कपाळावर गोंदण, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. तिचं नाव ठेवलं झुंबर. ती उडी मारून लाथ घालायची तेव्हा घोंगड्यासकट घालायची. शिरूरच्या पोरांनी असलं काही पाहिलं नव्हतं. बातमी वाऱ्यासारखी पसरली.

गोकुळलाही हुरूप आला. त्यानं प्रत्येकाची चार ओळींत ओळख लिहिली. हौशीरामनं ती गेम सुरू होताना दिसणाऱ्या चित्रावर बसवून दिली. झुंबरची ओळख गोकुळनं चार दिवस घोटली होती. ‘झुंबर. वय कुणाला माहीत नाही. दोनशे मेंढरं राखते. लांडगा तिला ओळखतो, म्हणून वाट बदलतो.’

मग हौशीरामनं दोरीला पेन बांधून एक रजिस्टर भिंतीला टांगलं. वर लिहिलं, ‘कंप्लेंट’.

“गेमला कसली आलीय कंप्लेंट?” गोकुळ म्हणाला.

“वापरतंय कोण? गिऱ्हाईक. मग बोलंल की गिऱ्हाईक.”

ते कंपनीतून आलं होतं. तिथं डीलरची तक्रार आली की कार्ड बनायचं. नंबर, तक्रार काय, काम काय केलं, तारीख, सही. सही होईपर्यंत कार्ड लाल बोर्डावर लटकायचं. “कार्ड लटकत असलं म्हंजी मला घास जात न्हाई,” हौशीराम म्हणायचा. “कंप्लेंट खरी का खोटी ते आपुन बघायचं न्हाई. क्लोज करायची.”

पोरांनी लिहायला सुरुवात केली. पैलवानाचा लंगोट लाल करा. केला. वॉचमनच्या हातात टॉर्च द्या. दिली. झुंबरचं तोंड म्हातारीचं आणि पिंढऱ्या पोरीच्या, हे कसं काय? हौशीरामनं कपाळाला हात लावला आणि तिच्या पायांवर शिरा काढत दोन दिवस बसला.

खरा वाद एका गुरुवारी पेटला. संपत म्हणून कॉलेजचा पोरगा होता. तो झुंबरकडून सलग चारदा हरला.

“हिला तरुण करा राव,” तो ओरडला. “म्हातारीच्या हातनं मार खातोय म्हणून पोरं गावभर सांगत्यात.”

बनारसकडचा एक वेल्डर पलीकडून म्हणाला, “ए, मौसी को हाथ मत लगाना. मौसी से पिटने में ही तो मज़ा है.”

“तुझी मौसी हाय ना तिकडं? जा की मग तिकडंच मार खायला!”

सगळे हसले. शेजारच्या टायपिंग क्लासची हर्षदा दारात उभी होती. ती शनिवारी तास-अर्धा तास यायची आणि फक्त झुंबर घेऊन खेळायची. ती म्हणाली, “सगळ्या बाप्यांत ती एकटी बाई आहे. तिलापण नटवून ठेवा. म्हणजे झालं.”

“तू टायपिंग कर गं,” संपत म्हणाला.

“करते ना. तुझ्या नोकरीचा अर्ज मीच केलाय. त्यात काय काय लिहिलंस ते सांगू का इथं?”

संपत पडद्याकडं वळला. गोकुळला वाटलं, हीच संधी आहे. तो काउंटरमागून उठून आला.

“झुंबरबद्दल लिहिलेलं वाचलंस का?” त्यानं हर्षदाला विचारलं.

“कुठं असतं?”

“सुरुवातीला. चित्रावर.”

“अच्छा, ते होय? एंटर दाबलं की जातं ना ते?” ती म्हणाली. मग हौशीरामच्या पाठीकडं बघून हळू आवाजात, “चित्रं हा काढतो? हा कंपनीतला? कमाल आहे हं.”

हौशीराम कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं ऐकलंसुद्धा नाही. ऐकलं असतं तर गोकुळला कमी लागलं असतं.

चार वर्षं गोकुळनं पुस्तकं वाचली होती. वह्या भरल्या होत्या. आणि ज्याला अर्जातली एक ओळ धड लिहिता येत नव्हती, त्याच्या हातून आलेल्या एका म्हातारीवरून बनारस आणि शिरूर भांडत होतं. गोकुळच्या ओळींवरून कुणी भांडलं नाही. त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या.

सगळे गेल्यावर त्यानं रजिस्टर उघडलं. अक्षर तिरकं काढलं. ‘झुंबरला तरुण करावी. बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. एक खेळाडू.’

दुसऱ्या दिवशी हौशीराम ते वाचत उभा राहिला. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द. गोकुळ काउंटरवरून बघत होता. त्याला लाज वाटायला हवी होती. पण आत कुठंतरी गार वाटलं. त्याचं लिहिलेलं कुणीतरी बोट ठेवून वाचत होतं.

हौशीरामनं चार दिवसांत झुंबरच्या सुरकुत्या पुसल्या. केस काळे केले. ‘ओके’ म्हणाला, तेही हळू.

गुरुवारी बोंब झाली. “मौसी किधर गई?” वेल्डरनं हिंदीत अर्धं पान भरलं. हर्षदानं एकच ओळ लिहिली, ‘आधीची द्या.’ खुद्द संपत म्हणाला, “हिच्यात काय मजा न्हाई राव. हिला हाणताना कसंतरीच वाटतंय.” हौशीरामनं सगळ्या तक्रारींना नंबर दिले आणि सुरुवातीपासून सुरकुत्या काढायला घेतल्या. या वेळी ती आधीपेक्षा चांगली झाली. डोळ्यांत कसली तरी मिश्किली आली.

गोकुळला ते बघवेना. त्यानं आणखी लिहिलं. घोंगडं काढा. घोंगडं गेलं. घोंगडं नाही तर मेंढपाळ कशी वाटेल? घोंगडं आलं. नाक मोठं आहे. नाक लहान झालं. हौशीराम शिफ्टवरून थेट यायचा, डबा तसाच परत न्यायचा. डोळे लाल व्हायचे. एकदा म्हणाला, “गोकुळ, एक कुणीतरी हाय, त्याचं समाधानच व्हईना. पर माणूस बारीक बघतोय हां. त्याच्यामुळं काम सुधारतंय.”

गोकुळनं त्याला चहा मागवला.

एका दुपारी गोकुळ त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. हौशीरामनं झुंबरचा हात पडद्याएवढा मोठा करून ठेवला होता. खेळताना तिथं नुसता हिरवा डाग दिसायचा. सगळ्यांना वाटायचं गोंदण असेल काहीतरी. मोठं केल्यावर तो डाग नव्हता. एकेक ठिपका जोडून लिहिलेली चार अक्षरं होती. हौशीराम.

गोकुळनं ते दोनदा वाचलं. म्हणजे यानं सही करून ठेवलीय. कुणाला न सांगता. साळसूदासारखा तोंडावर हात धरून हसतो, आणि पोरं रोज याचं नाव नाचवतात. माझं नाव कुठं आहे?

ज्या खोलीत तो उभा होता तिच्या पाटीवरसुद्धा त्याचं नाव नव्हतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

त्या संध्याकाळी त्यानं लिहिलं, ‘झुंबरच्या हातावर नाव गोंदलंय ते बरं दिसत नाही. काढावं. एक खेळाडू.’

दुसऱ्या दिवशी चारला हौशीराम आला. रजिस्टरपाशी गेला. बोट ठेवून वाचलं. मग तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला आणि फाईल उघडली. कॅफेत दोघांशिवाय कुणी नव्हतं. गोकुळ कागद चाळत बसला.

माऊसचा आवाज येत होता. मग थांबला.

“गोकुळ.”

“हं?”

“खेळताना नाव वाचता येत न्हाई रं. पडदा केवढा, त्यात ती केवढी, आन् हात केवढा. नुस्तं हिरवं दिसतंय.” तो वळला नाही. “ह्यांना कुठनं दिसलं?”

गोकुळनं एक कागद उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. त्याला उत्तर सुचलं असतं. बी.ए. होता तो. पण त्यानं आणखी एक कागद उचलला.

हौशीरामनं फाईल सेव्ह केली. खुर्ची टेबलाखाली सरकवली. “सेकंड शिफ्ट हाय उद्यापासनं,” म्हणाला, आणि जिना उतरला.

तो गुरुवारीही आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. पोरं विचारायला लागली. “हौशीरामदादा कुठं गेला?” गोकुळला रोज कुणाला तरी सांगावं लागे, येईल. तिसऱ्या आठवड्यात तो कारेगावला गेला.

घर पत्र्याचं, रस्त्यापासून आत. दारात एक बाई शेंगा निवडत बसली होती. तिला बघून गोकुळ जागच्या जागी थबकला. तोच चेहरा. तेच नाक, पहिलं, मोठं. ही खरोखरची झुंबरबाई.

“हौशीराम आहे का?”

“गेला की बाबा. कंपनीनं लांब कुठं कारखाना काढलाय, रुद्रपूर का काय म्हणत्यात. साहेब म्हैनाभर माग लागला व्हता. ह्यो न्हाई म्हणायचा. हितं माझं काम चाललंय म्हणायचा. आन् एक दिस आला, म्हणला आत्या, जातो.” तिनं शेंगा बाजूला सारल्या. “तू कोन म्हनायचा?”

“मी गोकुळ. शिरूरचा.”

“आगं बया! त्यो ल्हिनारा?”

ती लगबगीनं उठली, आतून पाणी घेऊन आली. तांब्या पुढं करताना पदर सरकला. कोपराखाली हिरवी अक्षरं होती. जुनी, पसरट झालेली. हौशीराम.

गोकुळ तांब्या घ्यायचा विसरला.

“हे व्हय?” तिनं हात वळवून दाखवला. “सात म्हैन्याचा व्हता. आय गेलेली. मेंढरांमागं कोकनात व्हतो आन् ह्याला ताप चढला. म्हनलं, जगला तर नाव गोंदून घीन. मेला जगला की.” ती हसली. हसताना तोंडावर हात धरला. “पानी पी. तुजं ल्हिलेलं म्हनून दावायचा मला. लांडगा तिला वळखतो. लई भारी ल्हितोस बाबा. कुनी ल्हिलं रं, म्हनलं, तर म्हनला, माजा मैतर हाय, बी.ए. झालाय.”

गोकुळ पाणी प्यायला.

“पर एक चुकलंय बग,” ती म्हणाली. “वय कुनाला म्हाईत न्हाई म्हंजी? मला म्हाईत हाय की माजं वय. तेवडं बदल.”

“बदलतो,” तो म्हणाला.

शिरूरला येऊन त्यानं कॅफेचं दार आतून लावून घेतलं. रजिस्टरात त्या तक्रारीपुढं हौशीरामनं नंबर घातला होता, सत्तेचाळीस. ‘काम काय केलं’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘चालू’. तारीख नव्हती. सही नव्हती.

मग तो तीन नंबरवर बसला. फाईल उघडली, हात पडद्याएवढा मोठा केला. नावातलं पहिलं अक्षर पुसलेलं होतं. घाईनं नाही. त्या जागी कातडीचा रंग एकेक ठिपक्यानं नीट बसवलेला होता, उन्हात रापलेला, कडेला थोडा फिका. एक सुरकुतीसुद्धा पुढं ओढून आणली होती. ती दुसऱ्या अक्षरापाशी येऊन थांबली होती. पुढची तीन अक्षरं तशीच हिरवी होती.