पलंगाखालचं कानातलं

हॉटेलच्या धुलाईखान्यात मी सतरा वर्षं चादरी धुतेय. त्यामुळे साहेबाचं बक्षीस म्हटलं की मी आधी त्यातली मेख शोधते. वर्नीटा मात्र हरखली होती. वर्षातली सगळ्यात चांगली सफाईवाली म्हणून तिला आमच्याच हॉटेलात एक दिवस नि एक रात्र पाहुणी म्हणून राहायचं होतं. अख्ख्या जमैकात एवढा निळा समुद्र नाही असं म्हणतात, त्याच्या तोंडावरची खोली मिळाली.

मनगटावर पाहुण्यांचा पिवळा पट्टा बांधून झाल्यावर डेल्गाडो साहेबानं तिच्या हातात कागद ठेवला. "खोली कशी साफ केलीय ते लिही. तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

त्या मजल्यावरची एक बाई कमी करणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती खोली होती इस्मेच्या सफाईतली. वर्नीटाची शेजारीण, गुडघ्यांनी जेरीला आलेली, घरात कमावणारी एकटी.

वर्नीटा तडक मागच्या फाटकाशी आली. "मला घरी जाऊ दे रे."

"पिवळ्या पट्ट्याच्या पाहुण्यांना हे फाटक नाही," रखवालदार दात काढत म्हणाला. "जा बाईसाहेब, पोहा, वाळूत लोळा!"

"पोहायला येतंय कुणाला, मेल्या!"

मुकाट्यानं खोलीत परतली. पलंगाखाली वाकून बघते तर हीऽ धूळ. मग पाहुण्यांचा पांढरा झगा घातलेल्या या बाईनं गुडघे टेकून सगळं पुसून काढलं. तिथं एक मोत्याचं कानातलं सापडलं. जाताना जमा करू म्हणून तिनं ते खिशात टाकलं आणि कागदावर लिहिलं, 'पलंगाखालीसुद्धा स्वच्छ.'

सकाळी साहेबानं कागद वाचला. मी तिथंच वापरलेले झगे गोळा करत होते.

"पलंगाखालीसुद्धा? मग काल सकाळी सफाईआधी मी मुद्दाम तिथं ठेवलेलं कानातलं इस्मेला मिळालं असणार. जमा तर केलं नाही. चोर कुठली!"

वर्नीटाचा हात खिशाकडे गेला. खरं सांगावं तर इस्मे कामचुकार, गप्प बसावं तर चोर. दोन्हीकडून नोकरी जाणार इस्मेचीच. मला तर साहेबाच्या अंगावर झगे फेकावेसे वाटले.

वर्नीटानं कानातलं टेबलावर ठेवलं. "इस्मेनं माझ्याकडे दिलं होतं, जमा कर म्हणून. मलाच मोह झाला."

इस्मेला बोलावलं. "तूच दिलंस हिला?"

ते कानातलं इस्मेनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं वर्नीटाकडे पाहिलं. वर्नीटा डोळे वटारून उभी होती.

"हो साहेब," इस्मे म्हणाली.

साहेबानं कात्रीनं वर्नीटाचा पट्टा कापला आणि तिला कायमचं घरी धाडलं.

इस्मे अजून त्याच मजल्यावर आहे. वर्नीटाकडून सगळं कळल्यापासून रोज एकेका पलंगाखाली कण्हत शिरते. मी ओरडते, "अगं, काठीला फडकं बांध, गुडघे जातील!"

"वर्नीटानं टेकलेच होते ना," ती आतूनच म्हणते.